एकाहत्तरची मोजणी

टीव्हीवर आमदार रांगेत उभे राहून राष्ट्रपती निवडत होते.

"आपलं मतदान कवा हाय?" कमळआजीने विचारलं.

"आपलं नसतं, आमदार-खासदारच मत देतात," नात कल्पिता म्हणाली. "त्यांच्या मताचं वजन एकाहत्तरच्या जनगणनेवरून ठरतं. तेव्हा मोजलेले मेले तरी त्यात आहेत, मी नाही."

आजी चपापली. एकाहत्तरला ती नवी नवरी होती. नवरा मिठागरावर असताना मोजणीवाला दारात आला आणि त्याचं नाव विचारू लागला. नवऱ्याचं नाव घेतात का कुठे? ती पदर दातात धरून उभी राहिली. वैतागून तो घर न लिहिताच गेला.

आजी नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोपुढे गेली.

"लिव गो पोरी," ती मोठ्याने म्हणाली. "अंबाजी. मिठागरावर गेलेत."