पारीतली पांढरी माती

पुष्पांजलीने बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि हळूच तिरपी केली. धुकं नाही, तळाशी कण नाही. मग तिने ती नवऱ्याच्या हातात दिली. हिमांशुने आधी चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. नागपूरच्या कंपनीला असंच हवं होतं, पाण्यासारखं. आजवरचा प्रत्येक नमुना त्यांनी गढूळ म्हणून परत पाठवला होता.

देवरी रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या राईस मिलच्या शेडमध्ये ही दोघं तांदळाच्या कणीपासून लॅक्टिक ॲसिड काढत. दह्याला जे आंबट करतं, तेच. कणी शिजवायची, जिवाणू सोडायचे, आंबू द्यायचं. आंबट फार वाढलं की जिवाणू त्यातच मरतात, म्हणून मधूनमधून चुना घालत राहायचं. इथवर कोणीही करेल. खरी मारामारी पुढे. चुन्याला धरून बसलेलं ॲसिड सोडवायला गंधकाचं ॲसिड घालावं लागतं. मग चुन्याचं जिप्सम होऊन पांढऱ्या गाळासारखं खाली बसतं आणि वर राहतं ते आपलं. गाळा, कोळशातून काढून रंग घालवा, आटवा. पुस्तकात हे एका पानात संपतं. हिमांशुचं अख्खं वर्ष त्यात गेलं. जिप्सम पाण्यात विरघळत नाही असं सगळे म्हणतात, पण ते थोडं विरघळतंच. तेवढं थोडं गाळणीतून निसटायचं आणि ॲसिड आटवलं की बाटलीत धुकं होऊन उभं राहायचं. शेवटी रेझिनच्या नळ्यांतून फिरवून फिरवून त्यांनी त्या थोडक्याचा पिच्छा सोडवला होता.

"आता पाठवा," पुष्पांजली म्हणाली. "आता कोण परत पाठवतो ते बघू."

तेवढ्यात गावाहून सेवकरामचा फोन आला. सेवकरामचं शेत तलावाखाली अगदी शेवटी, पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं तिथे. त्यामुळे त्याचा आवाज एरवीही चढलेलाच असतो. आज तो हळू बोलत होता, म्हणून हिमांशुला भीती वाटली. तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, पहाटे फुटली होती. धान निसवलं होतं, शेवटच्या पाण्यावर होतं, आणि ते पाणी आता नाल्याने वाहून चाललं होतं. माणूस, ढोर कोणी गेलं नाही. फुटली कुठे, तर उन्हाळ्यात पांढरी माती भरली होती नेमकी तिथेच.

हिमांशु जवळच्या ड्रमवर बसला. फोन चालूच होता, पण त्याला पुढचं काही ऐकायची गरज उरली नव्हती.

ते गाव कोहळ्यांचं, पिढीजात तलाव बांधणाऱ्या जातीचं. तलाव हिमांशुच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याच्या पारीला दर उन्हाळ्यात माती चढवायची गावाची रीत होती. घरटी एक माणूस येतो, पावसाने पडलेल्या घळी बुजवतो. माती कोणती आणि कुठे टाकायची, हे मात्र एकच माणूस सांगतो. हल्ली ते हिमांशुचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, उमराव सांगत. हिमांशुचे वडील लवकर गेले. त्याला वाढवलं, शिकवलं ते उमरावांनी आणि मोठ्याईने, धुरपताबाईने. उमराव तसे गरीब स्वभावाचे, बैलालासुद्धा शिवी न देणारे. पण पारीवर चढले की कोणाचं ऐकायचे नाहीत. एकदा सरकारी इंजिनियर आला होता, त्यालाही त्यांनी चहा पाजून, गोड बोलून परत धाडलं होतं.

यंदा तलावात पाणी उशिरापर्यंत राहिलं, बूड वाळलं नाही, तिथली चिकण माती निघेना. शेडच्या मागे मात्र जिप्समचा ढीग पडला होता. वाळून दगडासारखा झालेला, फुकटचा. उमराव तो बघून गेले, पुन्हा आले, ठोकून पाहिला. आणि एका दुपारी शेडच्या दारात उभे राहिले.

"हिमांशु, हे तुझी पांढरी माती पान्यात टिकन का रे? पारीवर टाकाची म्हणतो."

हिमांशु तेव्हा ॲसिड आटवत होता. जरा तापमान चढलं की सगळं पिवळं पडतं, त्यामुळे त्याची नजर काट्यावर होती. त्याने मान वळवली नाही.

"हाव मोठेबाबा. नाही विरघळत ते."

बस, एवढंच. म्हातारा समाधानाने गेला. सबंध आयुष्यात उमरावांनी पारीबद्दल कोणाला पहिल्यांदा विचारलं होतं, आणि ज्याला विचारलं त्याने वळूनही पाहिलं नव्हतं. कपभर पाण्यात जे थोडं विरघळतं, ते तलावभर पाण्यात किती विरघळेल, हे सांगायला हिमांशुहून लायक माणूस साऱ्या जिल्ह्यात नसेल. त्याच थोडक्याशी तो दिवसरात्र भांडत होता. पण बाटलीतलं डोकं बाटलीतच राहिलं, दारापर्यंत आलं नाही.

मोटारसायकल काढताना पुष्पांजली मागे येऊन बसली. ती गोंदिया शहरातली, तिच्या बोलण्यात हिंदी असायची, पण आज तिने शब्द निवडून काढले.

"‘हाव’ तुम्हीच बोलले होते. मी तिथेच होते."

"माहीत आहे."

"सांगाल तर लोक शेड बंद करतील. आजच करतील." थोडं थांबून ती म्हणाली, "तरी सांगा."

गाव पारीवर जमलं होतं. भगदाडातून आरपार समोरचं शेत दिसत होतं. दोन्ही कडांना पांढरे थर होते, आतून खाल्लेले, किडक्या दातासारखे. तलावात चिखल उरला होता आणि पोरं त्यात मासे वेचत होती. त्यांना कोणी रागावतही नव्हतं. उमराव भगदाडाच्या तोंडाशी उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. पहाटे एकटेच पोती टाकत होते म्हणे, बायकांनी ओढून वर काढलं. धुरपताबाई मागे बसून होती, पदर तोंडाला लावून.

लोक बरंच बोलून चुकले होते. बाप्पा, पिढ्यान्‌पिढ्या उभी होती ती पार, कोणी म्हणालं. वय झालं म्हाताऱ्याचं, आता दुसऱ्याच्या हाती द्या, असंही झालं. हिमांशु पोचला तेव्हा सेवकराम सरळ उमरावांनाच विचारत होता, की भाऊ, पारीत हा चुना टाकाले तुमाले सांगितलं तरी कोनं?

उमरावांनी हिमांशुला येताना पाहिलं आणि नजर तलावाकडे नेली. आयुष्यभर या माणसाने हिमांशुला खांद्यावर घेतलं होतं, आणि आत्ताही घेऊनच उभा होता.

"मी सांगितलं," हिमांशु म्हणाला. "मोठेबाबांनी मला विचारलं होतं, पाण्यात टिकते का. मी ‘हाव’ म्हटलं. चूक माझी आहे."

सगळे वळले. उमरावही वळले, पण त्याच्याकडे नाही, लोकांकडे.

"पोरगा खोटं बोलून राहिला," ते शांतपणे म्हणाले. "माह्यासाठी बोलून राहिला. मी कोनाले इचारलो नाही."

"मोठेबाबा..."

"पारीचं मी कोनाले इचारतो का? सांगा न. कोनी पाहिला का कधी?"

कोणीच पाहिलं नव्हतं. तोच तर त्यांचा लौकिक होता. गावाने एकमेकांकडे पाहिलं, माना हलल्या, आणि निकाल लागला.

हिमांशु बोलत सुटला. जिप्सम किती विरघळतं, ते त्याला कसं माहीत होतं, त्यापायी त्याचं वर्ष कसं गेलं, सगळं. जितकं समजावत गेला तितके लोकांचे चेहरे निवळत गेले. बापाविना पोर, पन कसा निपजला पाहा, एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. मोठ्या बापाचा गुन्हा अंगावर घेऊन राहिला. पुष्पांजली पुढे सरली, तिने तोंड उघडलं, तर उमराव म्हणाले, "सूनबाई, तू नको." मोठ्यांनी असं म्हटल्यावर तिला पुढे बोलता येईना. हिमांशुने मोठ्याईकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाऊन म्हाताऱ्याने तिला नक्की सांगितलं असणार की आपल्या हिमांशुले इचारलो, टिकते म्हणते. धुरपताबाईने फक्त मान हलवली. नको रे बाबा, अशी.

मग सेवकराम पुढे झाला. त्याचा राग ओसरला होता, उलट त्याला गहिवरल्यासारखं झालं होतं. त्याने हिमांशुच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या गावाच्या वतीने बोलला, की शिकलेला आहेस, मन साफ आहे, आजपासून पारीचं तूच पाहा. कोणी नाही म्हटलं नाही. तिथल्या तिथे ठरलंसुद्धा. तलावापायी इतकी वर्षं भांडलेलं गाव असं पटकन एक होताना हिमांशुने कधी पाहिलं नव्हतं.

"भगदाड आजच बुजवाले लागन," सेवकराम म्हणाला. "बोल बापू. माती कोठची आणाची?"

ट्रॅक्टर उभे होते. फावडी, घमेली घेऊन माणसं उभी होती. हिमांशुने उमरावांना शोधलं. ते पारीवरून उतरून बाकीच्या लोकांत जाऊन उभे होते, अगदी मागे, कोणीतरी दिलेला गमछा खांद्यावर घेऊन.

"मोठेबाबा, तुम्ही सांगा न."

"मी कायले सांगू?" उमराव म्हणाले. "मी तं पांढरी माती टाकनारा मानूस."

दोघंचौघं हसले. उमरावही हसले. मग सगळे पुन्हा हिमांशुच्या तोंडाकडे बघू लागले, आणि त्यांच्याबरोबर तेही, तो आता कोणती माती म्हणतो ते ऐकायला.

हिमांशुला मातीतलं काहीच कळत नव्हतं.