खिंडीतला चढ

"चढावर धापा टाकते बघ ही गाडी," खिंडीपलीकडे एकटा राहणारा अर्विड लेकीला म्हणाला. सिग्नेचं अमेरिकेतल्या मोंटानात, खिंडीच्या अलीकडे गॅरेज होतं. तिनं त्याच्या जुन्या ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा पेट्रोल फिल्टर बदलला, प्लग बदलले आणि खिंडीत चालवून पाहिली. गाडी हरणासारखी पळाली.

"तुला घाबरते ती," बाप हसला.

मग तो चालवायला बसला, ती शेजारी. चढ लागताच गाडी अडखळली, मंदावली. सिग्नेनं खाली पाहिलं. ॲक्सिलरेटरवरचा त्याचा पाय थरथरत होता. दाबायला त्यात जोरच उरला नव्हता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

"काय बिघडलंय गं?"

गाडीबद्दल ती कधी कुणाशी खोटं बोलली नव्हती. "पार्ट मिळत नाही, बाबा. राहू दे गाडी माझ्या गॅरेजातच."

"राहू दे की. तोवर खिंड ओलांडून चालत येत जाईन मी."