शिळेखालची पाचर

मित्रांनो, मी एक जुनी शिळा आहे. वय विचारू नका. ते लिहून ठेवायला तेव्हा अक्षरंच नव्हती. या आडबाजूच्या डोंगरावर चार उभ्या दगडांच्या खांद्यांवर मी आडवी पडले आहे. खाली एका टोळीची लाडकी माणसं मातीत विसावली आहेत. त्यांच्या थडग्याचं मी छप्पर.

मला इथवर आणलं ते त्यांच्याच माणसांनी. ना लोखंड, ना चाक! लाकडाचे ओंडके, वेलींचे दोर आणि लहानथोरांचा घाम. तळहातांना फोड आले, पण कुणी माघार घेतली नाही. शेवटी मी डुगडुगू नये म्हणून एका म्हातारीने वीतभर दगडाची पाचर माझ्याखाली ठोकली. त्या माणसांचं मला आजही फार कौतुक वाटतं. पुढे वादळं आली, मेंढ्या आल्या आणि कित्येक वर्षं कुणीच आलं नाही.

परवा मात्र एक शिंपी आणि त्याची बायको धापा टाकत वर आली.

"दगड बघायला माझ्या गुडघ्यांची वाट लावलीस," शिंपी कुरकुरला.

बाई कुठली ऐकतेय! ती रांगत थेट आत शिरली. "अहो, केवढं हे छप्पर! या तरी बघायला!"

शिंपी चहासाठी चूल मांडत होता. दोन दगड मिळाले, तिसरा मिळेना. तेवढ्यात माझ्याखालून डोकावणारी पाचर त्याला दिसली. जन्मभर बाहेर आलेले दोरे ओढून काढायची सवय. त्याने तीही ओढली.

मी करकरले. वरून माती झरली. आत बाई होती आणि माझं ओझं मलाच आवरेना. मित्रांनो, तेव्हा मी फार घाबरले.

"अगं, बाहेर ये! आधी बाहेर ये!"

ती कशीबशी बाहेर आली. त्याच्या हातातला दगड पाहताच तिच्या सगळं लक्षात आलं. "अहो, आधारच काढलात की!"

पाचरीच्या जागची फट अजून मिटली नव्हती. दोघांनी मिळून पाचर पुन्हा आत ठोकली, तेव्हा कुठे माझी करकर थांबली. शिंपी मटकन खाली बसला. मग वर बघत राहिला.

"एवढी शिळा कुणी चढवली असेल गं?"

"तुमच्या-माझ्यासारख्यांनीच," बाई म्हणाली. चहा राहूनच गेला.

मित्रांनो, तुम्हीही जरूर या. आत डोकावा, त्या माणसांना मनापासून दाद द्या. पण इथला एकही दगड उचलू नका. तुम्हाला तो नुसता पडलेला दिसतो. तो कामावर असतो.