साक्षीसाठी रिकामं घर

आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब एका रविवारी साधेपणावर बोलले आणि माझ्या खुर्चीचे दिवस भरले.

बोलले ते छानच. आहे त्यात समाधान मानणं हीसुद्धा प्रार्थनाच, असं म्हणाले. मी मान डोलावली. पण शेवटी त्यांनी नको ती पुस्ती जोडली: या आठवड्यात मी घरोघरी येईन, आणि जिथे मला समाधान दिसेल त्या घराने पुढच्या रविवारी माइकवर येऊन साक्ष द्यावी, आपला अनुभव सगळ्यांना सांगावा. झालं. शेजारी बसलेले आमचे हे एकदम ताठ झाले.

ह्यांचं दुखणं मला ठाऊक आहे. चर्चचे पंखे, दिवे, माइक, सगळं हेच दुरुस्त करतात, तेही फुकट. वीस वर्षांत एकदाही कुणी ह्यांना त्या माइकवर बोलायला उभं केलेलं नाही. ‘हॅलो, एक, दोन, तीन’ एवढाच काय तो ह्यांचा उपदेश.

त्या दिवसापासून हे कमरेवर हात ठेवून घरभर नजर फिरवायला लागले. आमच्या घरात आहे काय? एक पलंग, एक टेबल, दोन स्टुलं आणि माझी आरामखुर्ची. मी लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते. घरी आलं की खुर्चीत बसायचं, पाय स्टुलावर टाकायचे आणि प्रभूचे आभार मानायचे, हा माझा नेम. दागिने नकोत, कपडे नकोत, पण ही खुर्ची मात्र मला हवी.

मंगळवारी हे म्हणाले, “अगं, ही खुर्ची फारच ऐसपैस दिसते.”

“मी ऐसपैस आहे म्हणून ती ऐसपैस आहे.”

“चार दिवसांचा तर प्रश्न. चर्चच्या मागच्या खोलीत ठेवतो, किल्ली माझ्याकडेच असते. प्रभूच्या घरी कुठे आरामखुर्ची होती?”

“प्रभू सुताराच्या घरचा. आईसाठी एखादी केली असेल.”

ह्यांनी खुर्ची उचललीच.

तासाभराने हे घामाघूम आणि लालबुंद होऊन परत आले. “ढोंगी आहेत सगळे,” म्हणाले. मागच्या खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. खजिनदारांचा भिंतभर टीव्ही, शाळेतल्या बाईंचा सोफा, बेकरीवाल्याची दोन कपाटं. दोन दिवसांत प्रत्येकजण ‘जुनी बाकं ठेवायची आहेत’ असं सांगून ह्यांच्याकडूनच किल्ली घेऊन गेला होता.

“मग खुर्ची परत आणलीत ना?”

“सोफ्यावर चढवून ठेवली,” हे म्हणाले.

मी जमिनीवर बसायला लागले. बसणं जमायचं, उठायला ह्यांचा हात लागायचा. आभार वगैरे राहिले बाजूला. आधी ह्यांच्यावर करवादायचे, मग प्रभूवरही.

शुक्रवारी पाळकसाहेब आले. मोकळी खोली बघून खूश झाले. माणसाला किती कमी लागतं, यावर ह्यांनी त्यांना स्टुलावर बसवून बरंच ऐकवलं. मग साहेब माझ्याकडे वळले. “ताई, तुम्हाला कसं वाटतं?”

खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, “साहेब, मला माझी खुर्ची हवी. ती होती तेव्हा मी रोज आभार मानत होते. गेल्यापासून नुसती कुरकुर करतेय.”

हे पंख्याकडे बघायला लागले. खुर्ची कुठे गेली, हे साहेबांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “रविवारची साक्ष तुम्ही द्या.”

ह्यांचा चेहरा पडला. दोन दिवस हे जेवढ्यास तेवढं बोलत होते.

रविवारी मी पुढे गेले. माइक माझ्या डोक्याच्या वर. तो खाली करायला हेच आले. पेच सैल केला, माइक माझ्या तोंडाशी आणला, पुन्हा आवळला आणि नेहमीसारखे मागे सरकले. मी माइकमध्ये म्हटलं, “साक्ष ह्यांना देऊ द्या.”

हे पुढे आले. सवयीने आधी “हॅलो” म्हणाले.

“मी हिची खुर्ची मागच्या खोलीत लपवली,” हे म्हणाले. “मला इथे उभं राहायची हौस होती. तिथे जागा नव्हती, म्हणून ती एका सोफ्यावर ठेवली. सोफा कुणाचा, ते मी सांगणार नाही.”

शाळेतल्या बाईंनी गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं. खजिनदार वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, आणि त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला होता, पण खांदे हलत होते.

“तुमचं सामान बघून मला मनातून आनंदच झाला,” हे पुढे म्हणाले. “वाटलं, माझी तर एकच खुर्ची. खरं तर ती माझी नव्हतीच. हिला एका खुर्चीत पुरेसं होतं. मला तुम्हा सगळ्यांची वाहवा हवी होती. आमच्या घरात साधं कोण राहतं, ते मला आत्ता कळतंय.” एवढ्यावर थांबले नाहीत. वीस वर्षांचं साठलेलं होतं.

घरी हे बोलायला लागले की दुसऱ्या मिनिटाला मी ‘पुरे’ म्हणते. त्या दिवशी हे अर्धा तास बोलले. मी ह्यांच्या शेजारी उभी होते, पाय ठणकत होते, आणि खुर्ची मला आठवलीसुद्धा नाही.