डहाळीवरचा धोंडा

कुंभारवाड्याकडच्या रानात वाट चुकणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर प्यालेला. घरच्या माणसाची वाट चुकत नाही, कारण पुढं गेलेला मागच्यासाठी डहाळी ठेवून जातो. फाट्यावर नुसती डहाळी दिसली तर समजायचं, आपलं माणूस ह्या बाजूनं गेलं. पण डहाळी वाटेवर आडवी घातलेली असली आणि तिच्या देठावर धोंडा ठेवलेला असला, तर पाऊल पुढं टाकायचं नाही. पुढं वासरू घेऊन गवी, म्हणजे रानगव्याची मादी असेल, अस्वल असेल, आग्या मोहोळ उठलेलं असेल. का म्हणून विचारायला तिथं कुणी नसतं; मुकाट दुसरी वाट धरायची. पिऊन घरात भांडी फोडणारे बाप्येसुद्धा खोटा धोंडा ठेवत नाहीत हो. जिवाशी खेळ आहे तो.

फुलाला हे शिकवलं झिलूनं, तिच्या थोरल्या भावानं. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तो पंधराचा. तिला गुंद गावच्या शाळेत पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. हा पुढं पळायचा, फाट्याफाट्यावर डहाळ्या टाकायचा, आणि ही दप्तर सावरत मागनं यायची. झिलू डावखुरा. डहाळी मोडताना उलटी पिळायचा, त्यामुळं देठाला सालीची लांब पट्टी लोंबत राहायची. शंभर डहाळ्यांत फुला भावाची डहाळी ओळखायची आणि मग तिला भ्या म्हणून वाटायचं नाही.

मागल्या साली पाऊस सरला आणि गुंदजवळ पाहुण्यांना रानात मुक्कामाला ठेवणाऱ्या एका शिबिरवाल्यांनी शर्यत काढली. साधी नव्हे, अल्ट्रा. पन्नास किलोमीटर, सगळी डोंगरातली पायवाट, गुंदहून निघून उळवीच्या बाजूनं वळसा घालून परत गुंद. बेळगाव-हुबळीचे लोक म्हणे पैसे भरून पळायला येणार. "पैसे भरून? आणि पळायचं कशाच्या मागं?" फुलाची आई तुळजा म्हणाली, आणि वाडी हसली. पण एक कलम असं होतं की हसणारे गप्प झाले. तालुक्यातलं जे माणूस सगळ्यांत आधी पोचेल, बाई असो बाप्या असो, त्याला शिबिरात वाटाड्याची कायमची नोकरी.

फुला सत्तावीस वर्षांची. रोपं लावायला खड्डे मारायचे, काट्याकुट्या ओढायच्या, मुकादमानं बोलावलं तर काम, नाही तर घरी. आणि ही नोकरी बारा महिने, तासाभराच्या अंतरावर, काम काय तर रानात चालायचं! जे ती जन्मभर फुकट करत आली तेच. तिला रात्रीची झोप लागेना.

"जागा तुझीच गे," झिलू म्हणाला. "तुझ्यासारखी चढ चढणारी तालुक्यात न्हाई. मी आपला सोबतीला पळतो. रानात एकटी नको."

तीन महिने दोघं पहाटे पळाली. आंबील पिऊन निघायची, उन्हं वर यायच्या आत परत. झिलूला बायको, दोन पोरं, दिवसभराचं काम; तरी एक पहाट चुकवली नाही त्यानं. फुला आईला सांगायची, असा भाऊ देवानं सगळ्यांना द्यावा.

शर्यतीच्या दिवशी तीस किलोमीटरपर्यंत बहीणभाऊ बरोबर होती. शहरातले दोन-चार बाप्ये पुढं गेले होते, त्यांचं सोडा. तालुक्यातलं तिसरं कुणी जवळपास नव्हतं. उळवीकडच्या चढाला झिलूला धाप लागायला लागली. फुला मात्र भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं पाणी पिऊन ताजी. पाण्याच्या टप्प्यावर तिनं बूट काढला तर अंगठ्याचं नख उखडलेलं.

"तू नीट बांधून घे," झिलू म्हणाला. "मी पुढची वाट बघून ठेवतो. हळूच जातो, गाठशील मला."

ती पट्टी बांधून निघाली. दोन डोंगरांमधल्या फाट्यावर आली आणि गपकन थांबली. शर्यतवाल्यांची लाल रिबीन डाव्या वाटेवर बांधली होती. त्याच वाटेवर जांभळीची ताजी डहाळी आडवी. देठावर धोंडा. आणि देठाला सालीची लांब पट्टी लोंबत होती.

दादा! तिचा ऊर भरून आला. शर्यतीच्या घाईतसुद्धा बहिणीसाठी थांबून धोंडा ठेवला. पुढं काहीतरी वंगाळ असणार.

इतक्यात मागून बेळगावची सुप्रिया नावाची बाई पळत आली. फुलानं हात आडवे केले. "आक्का, जाऊ नका. धोंडा हाय."

"अहो, रिबीन तर इकडंच आहे," सुप्रिया म्हणाली.

"रिबीन कालची, डहाळी आताची. माझ्या भावानं ठेवलीया. पाया पडते, ऐका."

सुप्रिया क्षणभर घुटमळली, फुलाच्या तोंडाकडं बघितलं, आणि डहाळी ओलांडून गेली. परक्या बाईची काळजी करत करत फुला उजव्या, जुन्या गाडीवाटेनं उतरली. खाली ओढा, पलीकडं करवंदाच्या जाळ्या, मग सगळा चढ पुन्हा. पाच-सहा किलोमीटर जास्त, आणि घोटभर पाणी नाही. अंगठ्याचं रक्त बुटात चिकटलं. ती पळतच होती, कारण दादाही असाच फेऱ्यानं गेला असणार, कुठंतरी गाठ पडेल.

गुंदला पोचली तेव्हा ढोल थांबले होते. झिलू गळ्यात झेंडूचा हार घालून खुर्चीवर बसला होता. शिबिराचा हिरवा शर्ट त्याच्या मांडीवर. शेजारी सुप्रिया पाय चोळत होती, अंगावर साधा ओरखडा नाही.

"आक्का, पुढं काय व्हतं?" फुलानं विचारलं.

"काहीच नव्हतं," सुप्रिया म्हणाली. "चांगली सरळ वाट. मीच विचारणार होते तुम्हाला."

फुला भावासमोर उभी राहिली. "डहाळी तुझी व्हती."

"कसली डहाळी?" त्यानं वर बघितलं नाही. "वाऱ्यानं पडली आसंल."

"आणि धोंडा? तो बी वाऱ्यानं उडून बसला?"

"ऊन लागलंया तुला. घरी चल."

फुला रडली नाही. तिला नोकरीचं दुःख होतंच, खोटं कशाला बोला. पण झिलू म्हणाला असता, फुला, मला दोन पोरं आहेत, ही जागा मला सोड, तर ती त्याच चढावर बसून राहिली असती आणि वर टाळ्या वाजवल्या असत्या. ह्यानं मागितलं नाही. शाळेच्या वाटेवर जे हातात दिलं होतं, त्याचाच फास करून ठेवला. रिबीन बघून पळणाऱ्याला तो फास लागणारच नव्हता. लागणार होता तो एकट्या बहिणीला.

घरी तर आणखीच. "हरलीस म्हणून भावावर आळ घेतीस?" तुळजा कडाडली. "माझा झिलू खोटा धोंडा ठेवील? जीभ झडंल तुझी!" वाडीनंही तेच म्हटलं. बापाच्या माघारी ज्यानं घर ओढलं त्याच्यावर हिनं चिखल उडवला. महिनाभर फुला खाली मान घालून जेवली. आणि झिलू हिरवा शर्ट घालून पाहुण्यांना रान दाखवायला लागला.

मग उळवीची जत्रा आली. तिघंही रानातनं पायी निघाली. झिलू नेहमीसारखा पुढं, मग फुला, मागं नैवेद्याची पिशवी घेऊन तुळजा. ओढा ओलांडून वर आल्यावर फाटा लागला. वाटेवर कुंभ्याची डहाळी आडवी, देठावर धोंडा, सालीची पट्टी लोंबती.

"थांब गे," तुळजा म्हणाली. "धोंडा हाय."

फुलानं धोंड्याकडं बघितलं. अंगठ्याचं नख अजून पुरतं आलं नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. कुणाच्या शब्दावर थांबू? तिनं पाय उचलला आणि डहाळी ओलांडली. दोन पावलं गेली. चार गेली. दहा गेली.

वरच्या अंगाला झाडी खसखसली आणि झिलू उभ्या उतारावरनं ओरडत आला. "फुला! मागं फिर! ह्या खेपेला खरी हाय! आईशपथ, ह्या खेपेला खरी हाय!"

फुला थांबली. समोर पंधरा हातांवर कारवीत काळं धूड हललं, गवी फुरफुरली, आणि पोटाशी तांबडं वासरू दिसलं. फुला पाठ न फिरवता एकेक पाऊल मागं आली. डहाळी ओलांडून आईशेजारी उभी राहिली. गवी वासराला घेऊन खाली उतरून गेली.

झिलू धापा टाकत पुढ्यात आला. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

तुळजा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली आणि फुलाचं मनगट धरलं. जत्रेत ते मनगट तिनं सोडलं नाही.

तिघं अजूनही त्याच रानात राहतात. झिलू अजूनही पुढं जातो, डहाळ्या ठेवतो. पण धोंडा दिसला की तुळजा आता गप्प वळत नाही. फाट्यावर उभी राहते, तोंडाशी हात धरते आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक देते, "झिलू, खरी हाय का रं?"

"व्हय आये, खरी हाय," लांबून उत्तर येतं.

मग ती फुलाकडं बघते. फुलानं होय म्हणून मान हलवली, तरच दुसरी वाट धरते.