शेवटच्या बाकावरचा पाटील

"तुमचं नाव?" मायाप्पा सरांनी विचारलं आणि शेवटच्या बाकावरचा धोंडिराम अर्धवट उठून उभा राहिला.

पोलिसांच्या गोपनीय शाखेतल्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो मोर्चात चालला होता, कामगारांच्या सभेत सतरंजीवर बसला होता, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे केक त्याने खाल्ले होते. गर्दीतला एक म्हणून राहायचं, हेच त्याचं काम. नावं तो घ्यायचा, द्यायचा नाही.

"पाटील," तो म्हणाला. महाराष्ट्रात कुठंही खपून जाणारं आडनाव.

वर्गातल्या मोजक्या पोरापोरींनी आधी त्याच्या बारीक कापलेल्या केसांकडं पाहिलं, मग पायांतल्या तांबड्या बुटांकडं. साधा वेश घातला तरी खात्याचे बूट पायांतून सुटत नाहीत. पुढच्या बाकावरची ऋतुजा खुसखुसली.

"पाटीलकाका कुणाचे पालक हायेत, सर?"

"ज्याला ऐकायचंय तो बसू शकतो," सर म्हणाले. "बगदादला गुरुजी मशिदीच्या खांबाला टेकून बसायचे आणि भोवती गोल करून विद्यार्थी. वाटसरूही येऊन बसायचा. पुष्कळदा हजर असणाऱ्यांची नावं लिहून ठेवत. कुणी कुणाकडून काय ऐकलं, ते मागाहून कळलं पाहिजे ना."

धोंडिरामला हे पहिल्याच दिवशी संशयास्पद वाटलं. जिथं कुणीही येऊन बसू शकतं, तिथं काहीतरी शिजत असणारच.

शहरातल्या एका कॉलेजात इतिहासाच्या नावाखाली मदरशांचा प्रचार चालतो, असा अर्ज साहेबांकडं आला होता. अर्ज निनावी होता, म्हणजे गंभीर होता. घडलं होतं एवढंच की तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मायाप्पा सरगरने 'इस्लामी संस्कृतीतील शिक्षणाचा इतिहास' हा जादा विषय घेतला होता. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या पोराला बगदादचं काय पडलंय, हा साहेबांचा प्रश्न. धोंडिरामने एसटीने गावी जाऊन चौकशी केली. सरांची आई, बनाबाई, शेळ्यांना पाला टाकत होती.

"शाळंची सहल बिदरला गेल्ती," ती म्हणाली. "तितं कसला जुना मदरसा हाय म्हणं, निम्मा पडल्याला. त्यो बघून ह्यो येडा झाला. सहल आली माघारी, ह्यो अजून आला न्हाय बघा. तुमी कुठनं आलाव?"

"सहज," धोंडिराम म्हणाला. तिने त्याला चहा दिला. चहाही त्याने जरा संशयानेच प्यायला.

त्याचा अहवाल दोनपैकी एका ओळीने संपायचा. 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' किंवा 'लक्ष ठेवणे आवश्यक'. पहिली ओळ लिहिणाऱ्याला पुढं काही घडलं तर जाब द्यावा लागतो. दुसरीने आजवर कुणाची बढती अडलेली नाही. त्यामुळे धोंडिराम भजनी मंडळावरही लक्ष ठेवणे आवश्यक असल्याचं कळवत आला होता. ह्या वर्गाबद्दल दुसरी ओळ गेली असती तर सरांचे तास त्याच दिवशी बंद झाले असते. त्या तासांवरच त्यांचं घर चालत होतं.

वर्गात लक्ष ठेवण्यासारखं जागोजाग काहीतरी निघत होतं. एकदा ऋतुजाने विचारलं, "सर, बायका शिकायच्या का हो त्यात?"

"शिकायच्या, शिकवायच्याही. दमास्कसला मोठमोठे विद्वान बायकांपुढं बसून ग्रंथ वाचत. पण मदरशात अध्यापकाची नेमणूक बाईला मिळत नसे."

"का बरं?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणं, ही त्या गुरूंची मोठीच शिस्त होती."

धोंडिरामने वहीत लिहिलं : प्राध्यापक माहिती दडवतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात साखळीचा विषय निघाला. साखळी म्हटल्यावर धोंडिराम ताठ बसला. पण सर सांगत होते ते वेगळंच होतं. तिथं नुसती बातमी चालत नसे. हे मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, अशी पार मुळापर्यंत नावं सांगावी लागत. मधलं एक नाव गळालं तरी बातमीची किंमत उतरे. ग्रंथ शिकलेला विद्यार्थी तो गुरूला वाचून दाखवी, गुरू चुका काढी आणि मगच तो पुढं सांगायची मुभा देई. तिला इजाजा म्हणत. ती संस्था देत नसे. माणूस माणसाला देई, नाव घालून.

धोंडिराम त्या दिवशी बसस्टॉपवर दोन बस सोडून उभा राहिला. त्याच्या खात्यात 'खात्रीलायक सूत्रांकडून समजते' असं लिहिलं की बातमीला वजन यायचं. सूत्राला नाव नसणं हीच खात्री. ह्या लोकांकडं नाव नाही ती बातमी रद्दी. दोघांपैकी कुणीतरी एक येडं असणार, आणि खात्याबद्दल असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

रात्री बायकोला, पारूबाईला, त्याने हे सांगितलं. तिने भाकरी थापता थापता वर पाहिलं.

"तुमाला काय त्या मास्तरनं पाजलं का काय?"

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी तो कॉलेजच्या कँटीनमध्ये सरांसमोर जाऊन बसला.

"सर, मी पाटील न्हाय."

"बुटांवरून कळलं होतं."

"धोंडिराम शिवशरण. रिपोर्ट लिवलाय. म्हणलं, तुमचंच तुमास्नी वाचून दाखवावं. चुकीचं पुढं जायला नको."

चहाचा कप सरांच्या हातात तसाच राहिला. "आजवर कुणाला दाखवला होता?"

"न्हाय. कोण दाखवतंय?"

त्याने वाचलं. अडखळत, बोट ठेवून. सर खाली मान घालून ऐकत होते.

"'पहिला मदरसा बगदादला' नको. त्याआधी निशापूरला होते. 'नामांकित मदरसा' म्हणा."

"बरं. 'विद्यार्थी लई थोडे', हे काढू का?"

"खरंय ते. राहू द्या."

"'प्राध्यापक माहिती दडवतो'..." धोंडिराम थांबला. ती ओळ त्याने स्वतःच खोडली. "माझा आजा वैरागच्या शाळंत बाहेर ओसरीवर बसून ऐकायचा, सर. त्याला आत घेत नव्हते. नावबी कुणी इचारलं न्हाय कदी."

सरांनी कागद आपल्याकडं वळवून पाहिला. मग म्हणाले, "शेवटची ओळ कोरी आहे."

"ती काय लिवू?"

"ती मी तुम्हाला शिकवलेली नाही. तिच्यात मला चुका काढता येणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"'आक्षेपार्ह काही आढळले नाही'? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"आढळलं न्हाय, साहेब."

"आढळलं नाही म्हणजे नीट लपवलंय. आणि मग हा अर्ज?"

"अर्जावर नाव न्हाय, साहेब. कुणी कुणाकडनं ऐकलं, ते कळल्याबिगर..."

साहेबांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर धोंडिरामने लगेच ओळखली. इतकी वर्षं ती त्याचीच होती.

"किती दिवस बसत होतास रे त्या वर्गात?"

वर्ग बंद झालाच. अहवाल कॉलेजपर्यंत पोचायची गरजही पडली नाही. जिथं पोलीस येऊन बसतो तिथं काहीतरी असणारच, असं संचालक मंडळाने ठरवलं होतं. सर बार्शीला स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये लागले.

हे धोंडिरामला कळलं ते तासाच्या वेळेला कॉलेजात गेल्यावर. वर्ग रिकामा होता. फक्त शिपाई सिद्धप्पा डस्टर घेऊन फळ्यापुढं उभा होता. फळ्यावर सरांच्या तिरक्या अक्षरात नावं होती, एकाखाली एक, मधे बाण. गुलबर्ग्याचे कुणी मुन्शीजी, त्यांच्याकडून सोलापूरचे रऊफ मास्तर, त्यांच्याकडून मायाप्पा सरगर, त्यांच्याकडून ऋतुजा. आणि तिच्या शेजारी आणखी एक नाव.

नावांच्या याद्या करण्यात धोंडिरामची हयात गेली होती. अशा यादीत नाव सापडलं की माणसाचं काय होतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? सिद्धप्पाच्या हातातलं डस्टर नावांपासून वीतभर लांब होतं.

"राहू दे," धोंडिराम म्हणाला.

"राहू दे कसं री? उद्यापासनं हितं शेअर बाजाराचा कोर्स हाय. पुसलं का न्हाय म्हनून इचारलं तर काय सांगू? वरनं फोन आल्ता म्हनू?"

वरनं फोन आला होता, एवढं पुरलं असतं. आजवर पुरत आलं होतं. धोंडिरामने सवयीने एकदा दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यात प्राचार्यांचा आवाज येत होता.

"नको. खाली शेवटचं नाव हाय न्हवं? त्येनं सांगितलं म्हण."

सिद्धप्पाने मान वाकडी करून वाचलं. "धोंडिराम शिवशरण. ह्यो कोन?"

"मी."

सिद्धप्पाने एकदा नावाकडं पाहिलं, एकदा बुटांकडं, आणि डस्टर खिडकीत ठेवलं.