खालची खोली

तक्रार कुणी केली, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेजारच्या श्यामकांतनी. पुरावा नव्हता, पण माझं पुराव्यावाचून कधी अडलेलं नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला, रो-हाउसच्या एका जुन्या सोसायटीत राहतो. वर दोन खोल्या, मध्ये हॉल आणि सगळ्यांत खाली तळघर. तिथे गणपतीचं मखर, बंद पडलेला मिक्सर आणि मोडक्या खुर्च्या. आमचा मुलगा ओजस यंदा बारावीला. त्याला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी होती आणि ती खोली माझ्या सासऱ्यांकडे, नानांकडे होती. रस्त्याकडच्या खिडकीची. त्या खिडकीत बसून नाना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतात. म्हणून हर्षदने, माझ्या नवऱ्याने, ठरवलं की तळघराला फरशी, पंखा, बाथरूम करायचं आणि नानांना खाली हलवायचं. मस्त थंडगार, शांत खोली. नाना यावर फक्त ‘हूं’ म्हणाले.

आमच्या आर्किटेक्टने, शर्मिष्ठाने, आधीच बजावलं होतं. सोसायटीची ना हरकत मिळेल, इंजिनिअरचा दाखलाही मिळेल, पण तळघरात माणसाने राहायची खोली वॉर्ड ऑफिस मंजूर करणार नाही. हवा नाही, उजेड नाही, पाणी तुंबलं तर बाहेर पडायची सोय नाही. फार तर सामान ठेवायला परवानगी मिळेल. हर्षद म्हणाला, मग तसंच लिही, कॉट आम्ही नंतर उतरवू. ती म्हणाली, नंतर काय करता ते मला सांगू नका.

नकाशा टेबलावर पसरला होता. नाना चष्मा लावून वाकले.

“कागदार काय लिवलंस, बाय?”

“सामान ठेवायची जागा, नाना.”

“म्हणजे मी आता सामान झालंय.”

आम्ही सगळे हसलो. नानाही हसले.

कामाला लागायच्या आधी हर्षदने त्यांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. कोकणातल्या आमच्या गावी विहीर खणायची असो की दुकान उघडायचं, घरातला वडीलधारा देवापुढे नारळ ठेवतो, काम सुखरूप पार पाड म्हणून मागणं मागतो आणि जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मिलमध्ये होते तेव्हापासून अख्ख्या चाळीची गाऱ्हाणी नानाच घालायचे. या वेळी मात्र घसा बसलाय म्हणाले. कामगार खोळंबले होते, म्हणून आम्ही तसंच काम सुरू केलं.

फरशी निम्मी बसली आणि वॉर्ड ऑफिसचे साहेब दारात. इथे म्हाताऱ्या माणसाला ठेवणार आहेत अशी तक्रार आलीय म्हणाले, आणि काम थांबवलं. कुणी केली, ते सांगता येणार नाही.

आता, सामान नाही तर म्हातारं माणूस ठेवणार, हे बाहेरच्याला कळलं कसं? श्यामकांत रिटायर झाल्यापासून भिंतीवरून आमच्याकडेच बघत असतात. तुमच्या खोदकामाने आमच्याकडे तडे जातील, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेच बोलले होते. मी त्यांच्याकडे घावणे पाठवणं बंद केलं. ते दिसले की मी मोबाइल कानाला लावू लागले. नानांना तर मी खिडकीत पाळतीवरच बसवलं. तो माणूस कुणाशी बोलतो ते बघा म्हटलं. नाना म्हणाले, तो बरो माणूस हा, उगाच तेच्या मागे लागा नको. मला वाटलं, साधे आहेत बिचारे.

हर्षदने फक्त सामानच ठेवू असं लेखी दिलं आणि काम पुन्हा सुरू करायची मुभा आणली. मनात कॉट होतीच. गाऱ्हाणं चुकवलं म्हणूनच वाट लागली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. या वेळी त्याने नानांचं काही ऐकलं नाही. आणि मी मुद्दाम श्यामकांतना बोलावलं. आड येणाऱ्याला बाजूला कर, असं एक वाक्य गाऱ्हाण्यात असतंच. ते आलं की त्यांचा चेहरा बघायचा होता मला.

तळघराच्या पायरीवर नारळ ठेवला. नाना हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा काम काढल्यान हा, ता तडीस ने रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हटलं. श्यामकांत सगळ्यांत मोठ्याने.

“घरादाराक, पोराटोरांक सुखी ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जो कोण ह्या कामात आडवो इलो असात...”

मी श्यामकांतांवर नजर रोखली. ते डोळे मिटून, मान डोलावत उभे. ठार निर्विकार. पुढचे शब्द येईनात, तेव्हा त्यांनीही डोळे उघडून नानांकडे बघितलं.

देवापुढे खोटं बोलायची त्यांना सवय नाही. हर्षदने हळूच आठवण केली, “तेका बाजूक कर, नाना.”

“तो मीच, म्हाराजा,” नाना म्हणाले. “मीच थंय आफिसात जावन सांगलंय. झील माझो, हर्षद, वायट नाय. पण मी आजून जिवंत आसंय. माका आताच जमनीखाली घालू नको रे म्हाराजा.”

हर्षद पायरीकडे बघत राहिला. ओजसचे डोळे भरले होते. मला श्यामकांतांसमोर लाज वाटली आणि नानांसमोर त्याहून जास्त. इतके दिवस मी शेजाऱ्यावर संशय घेत होते, आणि ज्या माणसाला खाली ढकलत होते त्यालाच एकदाही विचारलं नव्हतं.

नाना हात जोडून तसेच थांबले होते. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं संपत नाही.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.